चिनी पाठ्यपुस्तकामागचा इतिहास

चिनी भाषेच्या अध्ययनास प्रारंभ करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जे पाठ्यपुस्तक पडते, त्यात सुटसुटीत अक्षरांच्या माथ्यावर रोमन लिपीतले उच्चार छापलेले असतात, आणि ही व्यवस्था जणू कन्फ्यूशियसपासून चालत आली असावी अशा समजुतीने तो पाठांतरास लागतो. वस्तुतः ती अर्धशतकाच्या राजकीय उलथापालथीची निष्पत्ती आहे.

१९०५ साली चिंग दरबाराने, सुमारे तेराशे वर्षे चालत आलेल्या सनदी परीक्षा फर्मान काढून बंद केल्या, आणि जी ग्रांथिक भाषा आत्मसात करण्यात पंडितांची हयात जाई तिचा राजाश्रयच तुटला. १९१७ मध्ये हू शिह याने ‘नवयुवक’ मासिकातून बोलभाषेतील लेखनाचा कैवार घेतला. पुढच्याच वर्षी तेथे लू शुनची ‘वेड्याची रोजनिशी’ प्रसिद्ध झाली. कथा बोलभाषेत, पण प्रस्तावना मात्र जुन्या ग्रांथिक थाटात, हा त्यातला खोचक विनोद भाषांतरात बहुधा हरवतो. व्हर्सायच्या तहात शांटुंगमधील जर्मन हक्क जपानच्या पदरात पडत असल्याचे पाहून ४ मे १९१९ रोजी पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा या वाङ्मयीन वादाला राष्ट्रीय चळवळीचे बळ मिळाले, आणि १९२० मध्ये शिक्षण खात्याने प्राथमिक शाळांच्या खालच्या इयत्तांत बोलभाषा लागू केली.

लिपीचा प्रश्न कम्युनिस्ट राजवटीने हाती घेतला. १९५६ मध्ये सुलभ अक्षरांची योजना जाहीर झाली. ‘शिकणे’ या अर्थाच्या अक्षराला पूर्वी सोळा रेघा लागत, त्या आठांवर आल्या. उच्चारलेखनाची ‘पीनयीन’ पद्धती १९५८ मध्ये मंजूर झाली. ती सिद्ध करणाऱ्या समितीतील अग्रणी चौ यौग्वांग हे मुळात अर्थशास्त्रज्ञ. कालांतराने अक्षरेच हद्दपार करून ध्वनिलिपी आणण्याचा त्या काळचा मनोदय तडीस गेला नाही, हे माझ्या मते बरेच झाले. १९७७ ची दुसरी सुलभीकरण योजना तर लोकांच्या पचनी पडली नाही, आणि १९८६ मध्ये ती रीतसर मागे घ्यावी लागली.

मोडी न येणाऱ्या मराठी माणसाची पेशवे दप्तरापुढे जी गत होते, तीच केवळ सुलभ अक्षरे शिकलेल्याची १९१९ चे वर्तमानपत्र उघडताच होते. तेव्हा विद्यार्थ्याने जुन्या अक्षरांशी निदान तोंडओळख आरंभीच करून घ्यावी. तैवान व हाँगकाँगमध्ये आजही तीच छापली जातात.