विजेची वेळ

शिवारात लाईट केव्हा येणार, हे पिकाची तहान ठरवत नाही, वेळापत्रक ठरवते. महाराष्ट्रात कृषिपंपांना वर्षानुवर्षे आलटून-पालटून वीज मिळत आली आहे: आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, उरलेले दिवस रात्री आठ ते दहा तास. म्हणजे ऐन थंडीत गव्हाला पाणी द्यायचे तर मध्यरात्री बॅटरी घेऊन दारे धरायला जायचे. सापाची भीती सगळीकडेच, जुन्नर-शिरूरकडे त्यात बिबट्याची भर. यातून सुटका म्हणून अनेकांनी स्टार्टरला ऑटो स्विच जोडला. लाईट आली की मोटार आपोआप सुरू. पण मग एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, व्होल्टेज कोसळते, कधी डीपीच जळते. आणि मालक घरी झोपलेला असताना सऱ्या भरून पाणी ओढ्याला लागते. हा प्रश्न नेहमी शेतकऱ्याच्या हालांचा म्हणून मांडला जातो, आणि तो तसा आहेच. पण कोळसा कमी जाळायचा कसा, या प्रश्नाचे बरेचसे उत्तरही याच रात्रीच्या मोटारीपाशी सापडते. वीज किती वापरली हे आपण बिलावर पाहतो. ती कोणत्या वेळी वापरली, याचा हिशेब आता तितकाच महत्त्वाचा झाला आहे.

मुळात शेतीला रात्रीची वीज का मिळाली? त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे केंद्र असो की कोराडी, भुसावळ, परळीचे, कोळशावरचा संच दिव्याच्या बटणासारखा चालू-बंद करता येत नाही. बॉयलर एकदा थंड झाला की पुन्हा तापवायला कित्येक तास आणि बरेच इंधन लागते. रात्री कारखान्यांचा आणि कचेऱ्यांचा भार उतरला तरी हे संच धगधगत ठेवावेच लागत, आणि मग त्या उरल्यासुरल्या विजेला गिऱ्हाईक हवे असे. ते गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी. त्या काळच्या व्यवस्थेत हे शहाणपणाचेच होते. आता मात्र गणित उलटे झाले आहे. सौर प्रकल्प वाढल्यापासून वीज स्वस्त आणि मुबलक असते ती भर दुपारी. २०२५ मध्ये राजस्थानात दुपारची सौर वीज वाहून न्यायला वाहिन्या अपुऱ्या पडल्याने काही प्रकल्पांचे उत्पादन रोखून धरावे लागले. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सौर तासांतला दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायला सांगितले, तेही दुपारच्या या मुबलकतेमुळेच. शेतीला मात्र त्या नियमातून वगळले आहे. म्हणजे जे गिऱ्हाईक दुपारी सहज येऊ शकते, त्याला दराची हाक पोहोचतच नाही. त्याची वेळ बदलायची तर त्याला वीज पुरवणारी वाहिनी, म्हणजे फिडरच बदलावा लागतो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना नेमके हेच करते. ती २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात तिचा आकार कितीतरी पटींनी वाढवण्यात आला. कल्पना साधी आहे. गावठाणाचा फिडर आणि शेतीचा फिडर बहुतेक ठिकाणी वेगळे असतातच. मग शेतीच्या फिडरला वीज देणाऱ्या उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत छोटा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट त्याच उपकेंद्रात सोडायची. सूर्य वर असतो तेव्हाच मोटारी चालतात. साठवणुकीची बॅटरी लागत नाही, कारण साठवण विहिरीतून वर आलेल्या पाण्याची आणि ओल्या मातीची होते. शेकडो किलोमीटरच्या तारांमधली गळतीही वाचते. प्रकल्पांचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडतो. राज्यात कृषिपंप ४५ लाखांच्या घरात आहेत. एवढा मोठा भार कमी खर्चात रात्रीतून दुपारी हलवता येईल, अशी जागा दुसऱ्या कोणत्या क्षेत्रात सापडेल असे वाटत नाही.

तरीही नुसती वीज बदलून भागत नाही, आणि इथे बचतीचा मुद्दा येतो. तो समजायला कोळशापासून पाण्यापर्यंतची साखळी एकदा पाहावी. कोळशात १०० भाग उष्णता असेल तर तिच्यातले ३५च्या आसपास भाग विजेत उतरतात, बाकीची धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. वाहिन्यांतली आणि डीपीतली गळती वजा जाता मोटारीपर्यंत समजा २९ पोहोचतात. अनेकदा वाइंडिंग करून घेतलेली जुनी मोटार, झिजलेला पंप, अरुंद पाइप, गाळाने तुंबलेला फूटव्हॉल्व्ह, अशा संचाची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर पाणी उचलण्याच्या कामी येतात जेमतेम नऊ भाग. त्या पाण्यातलेही बरेच पाटातून देताना मुळांपर्यंत पोहोचत नाही. हाच हिशेब उलटा वाचला की बचतीचे मोल कळते: शेतात वाचलेले पाणी उपसण्याचे एक युनिट काम म्हणजे खाणीशी वाचलेली अकरा युनिट उष्णता. ठिबक, योग्य मापाचा पाइप, स्टार लेबलचा पंप, कपॅसिटर या गोष्टींना कोणी हवामानबदलाचा उपाय म्हणत नाही, त्यांचे उद्घाटनही होत नाही. पण त्या केल्या तर तेवढ्याच शेतीला सौर प्रकल्प लहान पुरतो, त्याला जमीन कमी लागते.

यावरचा सर्वांत जड आक्षेप पाण्याचा आहे, आणि तो खरा आहे. दिवसा, हक्काची आणि फुकट वीज मिळाली तर उपसा वाढणार नाही का? वरूड-मोर्शीचा संत्र्याचा पट्टा आणि रावेर-यावलचा केळीचा पट्टा आधीच भूजलाच्या अतिउपशासाठी ओळखले जातात. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात मोफत वीज आहे. मागेल त्याला सौर पंपही मिळतो. बिल शून्य असेल तर मोटार बंद करण्याचे कारण काय? रात्रीच्या वेळापत्रकाने निदान उपशाला नकळत लगाम होता, असे काही अभ्यासकांचे म्हणणे असते. पण माणसाला रात्री बांधावर उभे करून भूजल वाचवणे हा उपाय नव्हे, आणि ऑटो स्विचने तो लगाम कधीच तोडला आहे. खरे उत्तर न वापरलेल्या विजेला किंमत देण्यात आहे. पंजाबने २०१८ मध्ये काही फिडरवर ठरलेल्या कोट्यापेक्षा कमी वीज वापरणाऱ्या शेतकऱ्याला वाचलेल्या युनिटमागे चार रुपये देण्याची योजना आणली. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी मंडळी काढली आणि उरलेली वीज ग्रिडला विकायला सुरुवात केली. ऊन हेही एक पीक आहे असा तो व्यवहार. साखरेपासून दुधापर्यंत सहकाराची सवय असलेल्या महाराष्ट्रात हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर का रुजू नये, हे मला न उलगडलेले कोडे आहे. आणि हिवरे बाजार गावाने पावसाचा ताळेबंद मांडून पिके ठरवायची, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, हे नियम ग्रामसभेत केले. अशी शिस्त मीटरने येत नाही.

दुसरा आक्षेप ठरलेला असतो: रात्रीचे काय? २०२५ च्या मध्यावर देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा निम्म्यावर गेला, त्याच्या बातम्या झाल्या. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे, कारण सौर पॅनेल दिवसातले मोजके तासच काम करते. सूर्य मावळला की घराघरांत दिवे, पंखे, एसी एकदम सुरू होतात आणि संध्याकाळचा तो चढ कोळशाला पेलावा लागतो. इथे कोयनेसारखे जलविद्युत केंद्र कामी येते, त्याचे जनित्र काही मिनिटांत उठते. पण कोयनेचे पश्चिमेकडे वळवायचे पाणीही पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलेले आहे. सह्याद्रीच्या कड्यावरच्या घाटघर प्रकल्पात खालचे पाणी वरच्या तलावात चढवून ठेवतात आणि मागणी वाढली की सोडतात. क्षमता २५० मेगावॉट. ते पाणी चढवायला रात्रीची उरलेली वीज वापरायची अशी जुनी रीत होती, आता ते दुपारीही चढवता येईल. असे आणखी प्रकल्प यायला वर्षे लागतील. तोवर रात्रीचा कोळसा कमी करायचा सर्वांत स्वस्त मार्ग बचतीचाच आहे, आणि तो घरातून जातो. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत एलईडी बल्बची सरकारी खरेदी मोठ्या प्रमाणावर झाली तेव्हा ३१० रुपयांचा बल्ब दोन-तीन वर्षांतच ४० रुपयांच्या खाली आला. ६० वॉटचे काम नऊ वॉटमध्ये होऊ लागले. पंख्याची तशीच संधी समोर पडून आहे. जुना छताचा पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा २८ ते ३५. उन्हाळ्यात तो रात्रभर फिरतो, म्हणजे ज्या तासांत सूर्य मदतीला नसतो नेमक्या त्याच तासांत वाचवतो. एसी २४ अंशांवर ठेवण्याचा सल्ला उपदेशासारखा वाटतो खरा, पण रात्री दहा वाजता वाचलेल्या युनिटचे मोल दुपारी बारा वाजता वाचलेल्या युनिटपेक्षा जास्त आहे, हे बिलावर दिसत नाही.

भारताचे दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी, अमेरिकेच्या तर सातव्या हिश्शाच्या आसपास. मग बोजा आपणच का उचलायचा, हा प्रश्न न्यायाचा आहे आणि आंतरराष्ट्रीय परिषदांत तो ठणकावून विचारायलाच हवा. पण दिवसा मिळणारे पाणी आणि निम्मी वीज खाणारा पंखा यांत बोजा कुठे आहे? खरा बोजा जमिनीचा आहे, आणि त्याबद्दल आपण पुरेसे बोलत नाही. एक मेगावॉट सौर प्रकल्पाला चार-पाच एकर लागतात. खासगी जमीन भाड्याने घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये देण्याची तरतूद आहे, पण अनेक ठिकाणी डोळा गायरानावर असतो. कागदावर ती सरकारी पड जमीन. प्रत्यक्षात भूमिहीनांच्या शेळ्या तिथेच चरतात, आणि त्यांना भाडे मिळत नाही. १९२१ साली मुळशीत सेनापती बापटांनी जमिनी बुडवणाऱ्या ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा केला, तेही मुंबईला धुराविना वीज देणारेच होते. त्यामुळे कुंपण घालण्याआधी ग्रामसभेला विचारणे, पॅनेल उंच बसवून खाली चराई चालू ठेवणे, उपकेंद्रांची, शाळांची, बाजार समित्यांची छपरे आधी भरून घेणे, ही कामे योजनेच्या वेगाला खीळ घालतील म्हणून टाळता येणार नाहीत. ज्या फिडरवर दिवसाची लाईट आली आहे, तिथल्या स्टार्टरवरचे ऑटो स्विच मात्र आजच काढता येतील. मोटार सुरू करायला आता माणूस जागा असतो.