परदेशी कायम वास्तव्य आणि छातीवरचा जुना डाग

दिवाळीनंतरची संध्याकाळ. दवाखाना आवरण्याच्या बेतात होतो, तोच एक ओळखीचा तरुण आत आला. त्याच्या वडिलांपासून मी त्या घरचा डॉक्टर. मुलगा वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये इंजिनिअर. वय बत्तीस. पत्नी आणि तीन वर्षांची मुलगी. हातातली जाडजूड फाईल त्याने माझ्या टेबलावर ठेवली.

"डॉक्टरकाका, कॅनडाच्या पी. आर.चं आमंत्रण आलंय. साठ दिवसांत अर्ज भरायचाय, त्याआधी मेडिकल. पूर्वी क्षयरोग झाला होता का, असं विचारतात म्हणे. एजंट म्हणतो, सरळ 'नाही' सांगा. तुम्ही काय म्हणता?"

त्याला २०११ साली, कॉलेजात असताना क्षयरोग झाला होता. गावाकडच्या केंद्रातून त्याने औषधे घेतली, कोर्स पूर्ण केला आणि खडखडीत बरा झाला. लग्नात ही गोष्ट सासरच्यांनाही सांगितलेली नव्हती. आता तीच गोष्ट परक्या देशाच्या सरकारला सांगायची, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

वाचकहो, आपल्या शहरातून परदेशी स्थायिक होण्यासाठी अर्ज करणारे तरुण आता घरोघरी दिसतात. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत हात तयार झालेले इंजिनिअर, संगणकावर काम करणारी मुले, परिचारिका असे सर्वच त्यात आहेत. इंग्रजीच्या परीक्षेची तयारी ते वर्षभर करतात. वैद्यकीय तपासणीचा विचार मात्र शेवटच्या आठवड्यात करतात. म्हणून या आठवड्यात हा विषय घेतला आहे. माझ्या या रुग्णाची हकिकत त्याच्या परवानगीने, नाव न देता सांगत आहे.

शंभर गुण, पण तब्येतीला एकही नाही

कुशल कामगारांची गुण देऊन निवड करण्याची पद्धत कॅनडाने १९६७ साली सुरू केली. आजही तिथल्या केंद्र सरकारच्या कुशल कामगार प्रवर्गात शंभरपैकी ६७ गुण लागतात. भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, आधीच ठरलेल्या नोकरीला १० आणि तिथे रुळण्याच्या शक्यतेला १० अशी ही वाटणी आहे. २०१५ पासून पात्र उमेदवारांची एक यादी करतात आणि तीतून वरच्या क्रमांकाच्या लोकांना अर्जाचे आमंत्रण पाठवतात.

या शंभर गुणांत तब्येतीला एकही गुण नाही. पैलवानाला जास्त नाहीत आणि चष्मेवाल्याला कमी नाहीत. तब्येत हा परीक्षेचा विषय नसून दारावरची तपासणी आहे. ती चुकवून आत जाता येत नाही. ऑगस्ट २०२५ पासून तर ही तपासणी अर्ज भरण्याआधीच करून घ्यावी लागते आणि तिचा पुरावा अर्जासोबत जोडावा लागतो. म्हणजे पूर्वी मिळायची ती उसंतही आता उरलेली नाही.

परदेशाच्या दारात डॉक्टर उभा असणे नवे नाही. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर १८९२ पासून बोटीने येणाऱ्या लोकांना तपासत असत. पापण्या उलटवून खुपऱ्या आहेत का ते पाहत आणि शंका आली तर माणसाच्या कोटावर खडूने खूण करत. आज खडू गेला, त्याची जागा छातीच्या एक्स-रेने घेतली.

तपासणीत काय पाहतात?

ही तपासणी तुमचा घरचा डॉक्टर करू शकत नाही. त्या त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच ती करावी लागते. आपल्या भागातले अर्जदार त्यासाठी बहुधा पुणे किंवा मुंबई गाठतात. तिथे उंची, वजन, दृष्टी, रक्तदाब, हृदय, फुफ्फुसे, पोट तपासतात. जुने आजार, शस्त्रक्रिया, चालू औषधे विचारतात. कॅनडासाठी पाच वर्षांवरील व्यक्तीची लघवी तपासतात, अकरा वर्षांवरील व्यक्तीचा छातीचा एक्स-रे काढतात आणि पंधरा वर्षांवरील व्यक्तीचे रक्त गुप्तरोग व एच. आय. व्ही. यांसाठी तपासतात.

तपासणी करणारा डॉक्टर पास-नापास ठरवत नाही. तो पाहिलेले लिहितो आणि अहवाल संगणकावरून थेट त्या देशाच्या कार्यालयाकडे पाठवतो. निर्णय तिकडचे अधिकारी घेतात. म्हणून "ओळख काढून मेडिकल क्लिअर करून देतो" असे कोणी म्हणाले, तर त्याच्यापासून दूर राहावे.

अधिकारी तीन गोष्टी पाहतात. या माणसापासून इतरांना रोग लागेल काय? त्याच्या आजारामुळे इतरांच्या जिवाला धोका होईल काय? आणि त्याच्या उपचारांचा फार मोठा बोजा सरकारी आरोग्यसेवेवर पडेल काय?

डाग म्हणजे रोग नव्हे

माझ्या रुग्णाची भीती पहिल्या प्रश्नाची होती. क्षयाचे जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवून दिले. रोग बरा झाला तरी फुफ्फुसावर व्रण राहतो, जसा गुडघा फुटून भरल्यावर राहतो तसा. एक्स-रेत तो डाग म्हणून दिसतो. हा डाग जुना, वाळलेला आहे की आत जंतू अजून जिवंत आहेत, हे नुसत्या एका फोटोवरून छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणून बेडका तपासावा लागतो.

तीन दिवस, रोज सकाळी अनशापोटी, खोल खोकून काढलेला बेडका घेतात. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि त्यातले जंतू वाढतात का हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत ठेवतात. साधे जंतू वीस-पंचवीस मिनिटांत दुप्पट होतात. क्षयाच्या जंतूला त्यासाठी पंधरा ते वीस तास लागतात. त्यामुळे अंतिम निकालाला सहा ते आठ आठवडे जातात. "आपल्याकडे यंत्रावर दोन तासांत रिपोर्ट मिळतो, तो का चालत नाही?" असे लोक विचारतात. ते यंत्र जंतूचा अंश ओळखते. पूर्वी क्षय झालेल्या माणसात तो अंश मेलेल्या जंतूचाही असू शकतो. जंतू जिवंत आहे की नाही, हे तो वाढतो की नाही यावरूनच कळते.

बेडक्यात काही निघाले नाही, तर अर्ज पुढे सरकतो. जुन्या डागाच्या माणसाला बहुधा एक अट घालतात : कॅनडात उतरल्यावर तीस दिवसांच्या आत तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याला कळवायचे. हा नकार नव्हे, देखरेख आहे. आणि समजा जंतू निघाले, तरीही दार कायमचे बंद होत नाही. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. तो पूर्ण करून पुन्हा तपासणी दिली की अर्जाचा विचार होतो.

लपवणे आजाराहून महाग

मी त्या मुलाला सांगितले, "बाळा, डाग तुझ्या छातीवर आहे, तो फोटोत दिसणारच. तू 'नाही' सांगशील आणि फोटो 'हो' म्हणेल. मग प्रश्न क्षयाचा राहणार नाही, खोटेपणाचा होईल." कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती देणाऱ्याला पाच वर्षे अर्ज करता येत नाही. क्षय बरा व्हायला सहा महिने लागतात. हा हिशेब कोणीही करावा. सल्ला एजंटाचा असला तरी सही आपली असते, हेही विसरू नये.

मग जुन्या कागदांचा शोध सुरू झाला. येथे मला माझीही चूक कबूल केली पाहिजे. २०११ मध्ये तो माझ्याकडेच खोकला घेऊन आला होता. मीच त्याला केंद्रात पाठवले होते. कोर्स संपल्यावर "कार्ड जपून ठेव" हे तीन शब्द मी बोललो नाही. घर बदलताना ते कार्ड रद्दीत गेले. अखेर तो तालुक्याला जाऊन आला. जुन्या नोंदवहीत त्याचे नाव, औषधे सुरू व बंद केल्याच्या तारखा सापडल्या आणि तसे पत्र मिळाले. पत्रामुळे बेडक्याची तपासणी टळली नाही. पण कोणती औषधे किती दिवस घेतली हे तपासणाऱ्या डॉक्टरला लेखी दाखवता आले.

त्याच रात्री त्याने पत्नीलाही सर्व सांगितले. "तिने एवढंच विचारलं, की मुलीला काही नाही ना?" असे तो मला म्हणाला. प्रश्न अगदी योग्य होता.

मधुमेह, रक्तदाब आणि खर्चाचा प्रश्न

"मला शुगर आहे, आता माझं काय?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. आटोक्यात असलेला मधुमेह किंवा रक्तदाब यामुळे सहसा अर्ज अडत नाही. अडचण येते ती मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिस लागणे, अशा फार खर्चिक आजारांत. उपचारांचा खर्च किती धरायचा, याची मर्यादा त्या त्या देशाने ठरवलेली आहे. कॅनडाने २०१८ साली ती तिप्पट केली. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२४ पासून ती ५१ हजारांवरून ८६ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर केली. म्हणजे पूर्वी अडलेली काही कुटुंबे आज अडणार नाहीत. कॅनडाला शंका आली तर आधी पत्र येते आणि उत्तराला मुदत मिळते. ते पत्र म्हणजे नकार समजून घाबरून बसू नये. आपल्या तज्ज्ञाचा अहवाल घेऊन उत्तर द्यावे.

तपासणी एकट्या अर्जदाराची नसते. पत्नी किंवा पती आणि अवलंबून असलेली मुले यांचीही करावी लागते, ती सध्या सोबत जाणार नसली तरी. कॅनडाच्या अर्जात एखादे मूल दाखवले नाही किंवा तपासले नाही, तर पुढे त्याला बोलावून घेणे फार अवघड होते.

जाण्यापूर्वी एवढे करा

१. अर्जाचा विचार पक्का झाला की, आमंत्रणाची वाट न पाहता, आपल्या डॉक्टरला भेटा. पूर्वी क्षय झाला असेल किंवा घरात कोणाला झाला असेल तर ते मोकळेपणाने सांगा.

२. जुने एक्स-रे, औषधांची कार्डे, शस्त्रक्रियेचे कागद एका फाईलमध्ये लावा. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवता आला, तर डाग बदललेला नाही हे डॉक्टरला लगेच दिसते.

३. खोकला असेल तर औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नका. काही प्रतिजैविके क्षयाच्या जंतूला अर्धवट दाबतात. बेडका फसवा येतो आणि रोग आत वाढत राहतो.

४. मधुमेह, रक्तदाब असल्यास तीन-चार महिने आधीपासून आटोक्यात आणा. चालू औषधांची यादी, अलीकडचे रिपोर्ट व चष्मा बरोबर न्या.

५. दिवस गेले असतील तर एक्स-रेपूर्वी सांगा. फोटो बाळंतपणानंतर काढता येतो. मासिक पाळीच्या दिवसांत लघवीची तपासणी टाळा.

६. तपासणी साधारणपणे बारा महिने ग्राह्य असते. कॅनडात पोहोचण्याची अंतिम तारीखही बऱ्याचदा तिच्यावरून ठरते. नोकरीचा राजीनामा देण्याची घाई करू नका.

फोटोने वाचवलेले मूल

शेवटी आणखी एक अनुभव. काही वर्षांपूर्वी एका परिचारिकेच्या अशाच तपासणीत सक्रिय क्षय निघाला. तिला खोकला नव्हता. थोडे वजन उतरले होते, ते रात्रपाळीमुळे असे ती समजत होती. सहा महिने अर्ज थांबला. ती माझ्यासमोर बसून रडली. तिच्या घरी दीड वर्षाचे बाळ होते. त्याला तपासले, रोग नव्हता, म्हणून प्रतिबंधक औषध सुरू केले. परदेशी जाण्याचे डोक्यात नसते तर तो फोटो निघालाच नसता आणि आईच्या कुशीत झोपणाऱ्या त्या बाळाला मेंदूचा क्षय होईपर्यंत कोणाला काही कळले नसते. उपचार संपल्यावर तिने पुन्हा तपासणी दिली, आणि ती गेली.

माझ्या टूलरूमवाल्या रुग्णाचा बेडका आठ आठवड्यांनी स्वच्छ ठरला. अर्जाचा निकाल अजून यायचा आहे. तो येईल तसा येईल. पण आता त्याला झोप लागते.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणे यांपैकी काही असेल, तर परदेशी जायचे असो वा नसो, जवळच्या सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या. तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत. आणि कोर्स पूर्ण झाला की कार्ड जपून ठेवा. २०११ साली मी जे सांगायला विसरलो, ते आज सर्वांनाच सांगतो आहे.