शिरस्त्राण कोणासाठी?

सोलापूरचा पारा चाळीस अंशांपलीकडे गेला की दुचाकीस्वाराचे शिरस्त्राण डोक्यावरून उतरते आणि कोपरावर किंवा आरशाला लटकू लागते. पुढच्या चौकात पोलीस दिसताच ते घाईघाईने पुन्हा डोक्यावर चढते. पट्टा मात्र मोकळाच राहतो. खरेदीही याच हिशेबाने झालेली असते. दंड चुकवायचा एवढाच हेतू असला, म्हणजे रस्त्याकडेच्या ढिगातले स्वस्तात स्वस्त हेल्मेटही पुरते.

या वस्तूचा इतिहास मात्र दंडापासून सुरू होत नाही. १९३५ साली ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ख्यातनाम झालेले टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातानंतर सहा दिवसांनी मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि शिरस्त्राणाचे महत्त्व सांगणारा निबंध १९४१ साली प्रसिद्ध केला.

शिरस्त्राण डोके वाचविते कसे? बाहेरचे कठीण कवच आघात पसरविते. आतला थर्मोकोलसारखा थर चेपला जाऊन तो आघात सोसतो आणि कवटीला सावकाश थांबवितो. एकदा चेपलेला थर पूर्ववत होत नाही. म्हणून अपघातात सापडलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी टाकूनच द्यावे. ज्या टोपीत असा थरच नाही, ती केवळ टोपी होय.

थराइतकेच महत्त्व मापाचे आहे. भुवयांच्या किंचित वरून डोक्याभोवती फीत फिरवून माप घ्यावे. घातल्यावर हेल्मेट गालांना घट्ट लागावे, पण कपाळावर टोचू नये. मान हलविताना ते डोक्याबरोबरच हलावे. पट्टा बांधून मागची कड वर ढकलली असता जे निघून येते, ते पडतानाही निघून जाईल. आय.एस.आय.चे चिन्ह पाहावे. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांच्या हेल्मेटांना भारतीय मानक सक्तीचे झाले आहे. तरीही खोटी चिन्हे छापणारे आहेतच, तेव्हा खात्रीचे दुकान आणि पक्की पावती हवी.

मग शोभेचे काय? तिला हसण्याचे कारण नाही. तरुणाला जे आवडेल, तेच तो रोज घालील. मात्र सोलापूरच्या उन्हात फिकट रंग आणि वारा खेळेल अशी छिद्रे ही शोभाही आहे आणि सोयही. काळी काच दुपारी ऐट देते. रात्री तीच रस्ता झाकते.

तथापि खरी कसोटी मागच्या आसनावर लागते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीवरील लोक मरण पावले. त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते. चार वर्षांवरील प्रत्येकाला कायद्याने शिरस्त्राण आवश्यक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या बालकांसाठीही २०२३ पासून नियम लागू आहे. तरीही पती हेल्मेट घालून पुढे, पत्नी अंबाड्यावर पदर घेऊन मागे आणि मध्ये उघड्या डोक्याचे मूल, हे दृश्य शाळेच्या वेळेस रोज दिसते. घरात एकच शिरस्त्राण असेल, तर ते पोलिसासाठी घेतलेले आहे. घरातल्या डोक्यांसाठी नव्हे.