सुईविना फ्लूची लस: सालेकसा तालुक्याला यातली कोणती उपयोगी?

फ्लूची लस म्हटली की दंडात टोचलेली सुई आठवते. पण सुई न वापरता ही लस देण्याचे तीन मार्ग आहेत: नाकात मारायचा फवारा, त्वचेतून जोराने आत जाणारी औषधाची बारीक धार आणि चिकटपट्टीसारखा छोटा पॅच. पहिल्या दोन मार्गांना मान्यता मिळाली आहे, तिसऱ्याच्या अजून चाचण्या सुरू आहेत. पण सुई गेली की अडचण संपते का? गोंदिया जिल्ह्यातील, छत्तीसगडच्या सीमेवरील सालेकसा या जंगलाच्या तालुक्याचा विचार केला तर उत्तर थोडे वेगळे येते.

नाकाची लस पुण्यात कशी तयार झाली?

२००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला, तो पुण्यात. पुढच्याच वर्षी, जुलै २०१० मध्ये, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'नेझोव्हॅक' ही नाकातून द्यायची लस बाजारात आणली. तिच्यासाठीचा दुबळा केलेला विषाणू जागतिक आरोग्य संघटनेमार्फत रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या संस्थेकडून मिळाला होता.

हा विषाणू जिवंत असतो, पण थंडाव्यात वाढवून त्याला तशीच सवय लावलेली असते. नाक तुलनेने थंड असते, तिथे तो थोडाफार वाढतो. छातीतल्या उबेत मात्र त्याला वाढता येत नाही. त्यामुळे आजार न होता, विषाणू जिथून शिरतो त्या नाकातच शरीराची तयारी होते. शिवाय एका अंड्यापासून इंजेक्शनच्या लशीपेक्षा कितीतरी जास्त डोस मिळतात. साथ पसरत असताना हा मोठाच फायदा.

मग सगळ्यांना हीच लस का देत नाहीत?

कारण विषाणू जिवंत आहे. गरोदर महिला, तान्ही बाळे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना ती देत नाहीत, आणि फ्लूचा धोका सर्वाधिक असतो तो याच लोकांना. राज्याचा आरोग्य विभाग गरोदर महिला, मधुमेह व उच्च रक्तदाबाचे रुग्ण यांच्यासाठी फ्लूची मोफत लस देत आला आहे, ती म्हणूनच इंजेक्शनची आहे.

परिणामही सगळीकडे सारखा दिसला नाही. पुण्याच्याच लशीची २०१३ मध्ये बांगलादेश आणि सेनेगल येथील लहान मुलांमध्ये चाचणी झाली. बांगलादेशात सुमारे ५८ टक्के संरक्षण मिळाले, सेनेगलमध्ये काहीच दिसले नाही. अमेरिकेतही तिथल्या नाकाच्या लशीची शिफारस २०१६ ते २०१८ असे दोन हंगाम थांबवली होती.

धारेने लस म्हणजे काय?

या यंत्रात स्प्रिंगच्या जोरावर लशीची केसासारखी बारीक धार त्वचेतून आत जाते. अमेरिकेत २०१४ मध्ये १८ ते ६४ वयोगटासाठी फ्लूची एक लस अशी द्यायला मान्यता मिळाली. भारतात अहमदाबादच्या झायडस कंपनीची कोरोनाची लस याच पद्धतीने द्यायची होती. जुन्या यंत्रांत एकच तोंड अनेकांना वापरत, त्यातून १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात कावीळ-बी पसरली होती. आता प्रत्येकासाठी नवे तोंड वापरतात. सुया गोळा करून नष्ट करण्याची आणि त्या कर्मचाऱ्यांना लागण्याची काळजी यात उरत नाही.

सालेकसाची खरी अडचण कोणती?

फवारा असो की धार, दोन्ही लशी २ ते ८ अंश तापमानातच ठेवाव्या लागतात. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो आणि पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे लस पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घेतलेली बरी. नेमके तेव्हाच गोंदियाचे तापमान चाळिशी ओलांडते. त्या उन्हात बर्फाचा डबा घेऊन परिचारिकेने टोल्याटोल्यावर जायचे, आणि फ्लूची लस दरवर्षी बदलत असल्याने हे दरवर्षी करायचे. हिवाळ्याच्या शेवटी माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला लाखो गोंड भाविक जमतात, तेव्हा फ्लूचा दुसरा हंगाम सुरू असतो.

म्हणून तिसऱ्या मार्गाकडे लक्ष द्यायला हवे. पॅचवर विरघळणारी अतिसूक्ष्म टोके असतात. तो मनगटावर दाबून वीसेक मिनिटे ठेवायचा. अमेरिकेत शंभर प्रौढांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २०१७) इंजेक्शनइतकीच प्रतिकारशक्ती तयार झाली आणि काही जणांनी तो स्वतःच लावला. त्यातली लस ४० अंशांतही वर्षभर टिकली. शिवाय विषाणू मृत असल्याने जिवंत लशीची अडचण इथे येत नाही. मात्र मोठ्या चाचण्या झाल्याशिवाय तो बाजारात येणार नाही.

तोपर्यंत काय करावे?

गरोदर महिला, मधुमेही, दम्याचे रुग्ण आणि वृद्धांनी पॅचची वाट पाहू नये. इंजेक्शनची लस आज उपलब्ध आहे. आपल्या आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मृग लागण्याआधीच चौकशी करावी. मुलांसाठी नाकाची लस हवी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.