दुष्काळ, भूकंप आणि धीट प्रार्थना : मराठवाड्यातल्या ख्रिस्ती विश्वासाचा मागोवा

नांदेड-लातूर भागात ख्रिस्ती माणसे मोजकीच. 2011च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रातच ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याच्या आत भरली. आमच्याकडे तालुक्याच्या गावी एखादे चर्च, खेड्यात चार-दोन घरे आणि पत्र्याखाली भरणारी रविवारची उपासना. पण या मातीवर जे जे कोसळले ते या माणसांवरही कोसळले. दुष्काळ, भूकंप, पाण्याची टंचाई, साथ यांतून कुणी सुटले नाही. त्या त्या वेळी इथल्या आणि आसपासच्या विश्वासणाऱ्यांनी देवाकडे काय मागितले, आणि मागून उठल्यावर काय केले, याचा हा मागोवा आहे. तो घ्यावासा वाटतो, कारण धीट विश्वास म्हणजे मागितले ते हमखास मिळवणे, अशी शिकवण आता व्यासपीठांवरून फार ऐकू येते. आमचा इतिहास वेगळेच सांगतो.

मराठवाड्यातली ही वाट जालन्यापासून सुरू होते. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने 1843 साली मुंबईत स्कॉटिश मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहायला गेला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि मुलाला घरच्यांच्या ताब्यात दिले गेले. त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबईत मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर घ्यावे या बाजूने उभे राहिले. एवढी किंमत मोजलेले नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्या मांग-महार माणसांत त्यांनी आयुष्य घातले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाची वस्ती उभारली. स्वतःच्या घराला पारखा झालेला माणूस दुसऱ्यांच्या घरांसाठी देवाकडे जागा मागतो, हे मराठवाड्यातल्या धीट प्रार्थनेचे पहिले ठळक उदाहरण.

दुसरे उदाहरण आमच्या जिल्ह्यांच्या बाहेरचे आहे, पण मराठी ख्रिस्ती माणसाला ते टाळून पुढे जाता येत नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळ पुस्तकात वाचला नव्हता, तो अंगावर काढला होता. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर त्या उपाशीपोटी देशभर पायी हिंडल्या. पुढे भाऊ गेला, आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत, 1882 साली, पती बिपिनबिहारी मेधावीही गेले. 1883 साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले, ते पुढच्या वर्षी पुण्याला हलवले. तिथे धर्मांतरावरून टीकेचा भडिमार झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, तरी बाई डगमगल्या नाहीत.

1896-97च्या दुष्काळाची बातमी आली, तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना दौंडजवळच्या केडगावच्या माळावर नेले. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीचे वचन दिले होते, त्याची मुदत 1898 साली संपत होती. हात आखडता घ्यावा अशीच ती वेळ. रमाबाईंनी मात्र 1900च्या दुष्काळात गुजरातकडच्या मुलीही आणल्या आणि केडगावच्या या मुक्ती मिशनमधल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. एवढ्या तोंडांना उद्या काय घालायचे, हा प्रश्न त्या रोज देवापुढे ठेवत. आणि त्याच दिवशी विहिरी खणल्या जात, शेती पिकवली जात असे, मागावर कापड निघे, छापखाना चाले. जिने गुडघे टेकले तिनेच फावडे उचलले.

1905 सालच्या आरंभी रमाबाईंनी रोजच्या विशेष प्रार्थनेसाठी बायकांना बोलावले. त्या जूनअखेरीस मुक्तीमध्ये जे आध्यात्मिक जागरण झाले त्याची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात आहे. तिथल्या मुली पुढे टोळ्या करून खेड्यापाड्यांत गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे कामही याच काळातले. त्याची छपाई मुक्तीतल्याच बायकांनी केली. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई निजामाच्या राज्यात, मराठवाड्याच्या शेजारच्या गुलबर्ग्यात, शाळा चालवू लागल्या. 1921 साली ही एकुलती एक मुलगी गेली. रमाबाई भाषांतर संपवूनच 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. मुलगी वाचावी म्हणून आईने मागितले नसेल असे कोण म्हणेल? ते मिळाले नाही, तरी हातातले काम थांबले नाही. धीट विश्वास पाहायचा तर इथे पाहावा.

स्वातंत्र्यानंतरचे संकट गाजावाजा न करता आले. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शिखांना आणि 1990 साली बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती दलित अजून बाहेरच आहेत. गावकुसाबाहेरचे घर तेच, वाट्याचे अपमान तेच, पण कागदावर ख्रिस्ती लिहिले की अनुसूचित जातींसाठीची शिष्यवृत्ती आणि राखीव जागा गेली. म्हणून आमच्या भागात रविवारी चर्चमध्ये बसणे आणि शाळेच्या दाखल्यावर धर्म लिहिणे या दोन गोष्टींत अनेक घरांची ओढाताण होते. ज्यांनी ख्रिस्ती नाव उघड लावले त्यांचे धैर्य मोठे आहे. ज्यांना लेकरांच्या पोटासाठी ते जमले नाही त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही.

मग 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांचे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, आणि पुढे 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या रात्री कुणी काय प्रार्थना करून झोपले होते, याचा हिशेब दगडांनी ठेवला नाही.

अशा वेळी, हे कुणाच्या पापाचे फळ, असा प्रश्न निघतोच. प्रभू येशूपुढेही तो निघाला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती, हा समज त्याने साफ नाकारला. किल्लारीच्या ढिगाऱ्यापुढे उभ्या राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला हा उतारा पुरेसा आहे. मेलेल्यांचा न्याय करू नये, जिवंतांना हात द्यावा. फाळणीच्या निर्वासितांसाठी 1947 साली चर्चेसनी मिळून उभी केलेली ‘कासा’ ही संस्था भूकंपग्रस्तांच्या मदतीला आली. सरकार, लष्कर, स्वयंसेवी संस्था आणि सर्व धर्मांची माणसे तिथे राबत होती. त्यात चर्चचाही वाटा होता, याचे समाधान आहे. त्या वेळी उत्तर न मिळालेले प्रश्न अजूनही तसेच आहेत. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे अशाच प्रश्नांनी भरलेली आहेत, आणि देवाला जाब विचारणारी ती स्तोत्रे मंडळीने हजारो वर्षे पवित्र मानली आहेत. रडत देवाशी भांडणे हाही विश्वासच.

2016च्या उन्हाळ्यात लातूरची तहान देशाने पाहिली. मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली ‘जलदूत’ रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. पावसासाठी प्रार्थना देवळांत, मशिदींत, चर्चमध्ये सगळीकडे झाल्या. आमच्यापुढे एलीया संदेष्ट्याची गोष्ट होती. त्याने पावसासाठी गुडघ्यांत डोके घातले आणि चाकराला सात वेळा समुद्राकडे पाहायला पाठवले. सहा वेळा काहीच दिसले नाही, सातव्या वेळी तळहाताएवढा ढग दिसला. पण पाऊस आल्यावर त्याचे काय करायचे, हेही आम्ही शिकायला हवे होते. बोअर किती खोल गेले, उसाला किती पाणी लागते, छपरावरचे पाणी कुठे जाते, हे प्रश्न आजही कितीशा उपासनांत निघतात? पावसाची प्रार्थना करणाऱ्याने पाण्याचा हिशेब ठेवला पाहिजे.

ऑक्टोबर 2023च्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात 48 तासांत 31 रुग्ण दगावले. त्यांत 16 बाळे होती. औषधे आणि मनुष्यबळ पुरेसे होते का, हा प्रश्न राज्यभर विचारला गेला. लूकच्या शुभवर्तमानातली विधवा न्यायाधीशाच्या दारात पुन्हा पुन्हा जाते आणि न्याय मागते. येशूने ती गोष्ट प्रार्थना कशी करावी हे शिकवायला सांगितली. म्हणजे देवापुढे चिकाटी धरणाऱ्याला माणसांच्या दारातही चिकाटी धरता आली पाहिजे. बाळांसाठी अश्रू ढाळणारी मंडळी जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन घेऊन गेली तर ती प्रार्थनेपासून ढळत नाही, प्रार्थनेचाच पुढचा भाग करते.

हे सगळे एकत्र पाहिले की प्रेषितांच्या कृत्यांतला एक प्रसंग नीट कळतो. धमक्या मिळाल्यावर पहिल्या मंडळीने प्रार्थना केली, आणि तीत संकट टाळ असे न म्हणता बोलण्याचे धैर्य मागितले. बेथेल, केडगाव, किल्लारी या सर्व ठिकाणी जे टिकले ते हेच मागणे. सुटका मिळो न मिळो, उभे राहण्याचे बळ मिळो, आणि ते शेजाऱ्याच्याही कामी येवो.

म्हणून आमच्या मंडळ्यांना एक साधी गोष्ट सुचवावीशी वाटते. रविवारी मध्यस्थीच्या प्रार्थनेत ज्यांची नावे आपण घेतो, मग तो कर्जात बुडालेला शेतकरी असो, आजारी म्हातारी असो की ऊसतोडीला जाणारे कुटुंब असो, त्यांच्या घरी त्या आठवड्यात कोण जाणार, हे आमेन म्हटल्यावर तिथेच ठरवावे. त्यांचा धर्म विचारू नये. पाळकांनी पुढच्या रविवारी त्याची खबर घ्यावी. नारायण शेषाद्री आणि रमाबाई यांचा वारसा सांगायचा असेल तर एवढे तरी आपल्याकडून व्हायलाच हवे.