वाशिमची अक्षरं किती?

मजकूर साठवायचा कसा, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. आता त्या मजकुरावर चालणारी फंक्शनं. सुरुवात ‘वाशिम’ या नावापासूनच करू.

शाळेतलं पोरही हे नाव तीन अक्षरांत मोजतं: वा, शि, म. पायथॉनचं ‘लेन’ ५ सांगतं, गो भाषेतलं ‘लेन’ १५ आणि स्विफ्टचं ‘काउंट’ ३. चुकलेलं कोणीच नाही. गो बाइट मोजते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथॉन युनिकोडची चिन्हं मोजतं, त्यात काना आणि वेलांटी स्वतंत्र. स्विफ्ट मात्र वाचणाऱ्याला दिसणारं अक्षर धरते.

मोजणीत असे फरक पडत असले, तरी सोयीची फंक्शनं मुळात वाईट नसतात. पायथॉनचं मजकुराचे तुकडे करणारं ‘स्प्लिट’ कंस रिकामा ठेवून वापरा. ‘रिसोड मालेगाव मानोरा’ या ओळीत मध्ये कितीही स्पेस किंवा टॅब पडलेले असोत, तीन नावं नीट सुटी होतात. कंसात एक स्पेस लिहिली की तेच फंक्शन काटेकोर बनतं आणि लागोपाठच्या दोन स्पेसमधूनही एक रिकामं नाव काढतं. स्वल्पविरामाने तोडलेल्या यादीत रिकामा रकाना जपायचा असेल, तर हाच काटेकोरपणा कामाला येतो.

घात होतो तो सोयीच्या पोटात इंग्रजीचं गृहीतक दडलेलं असलं की. मजकुरात फक्त अक्षरं आहेत का, हे पायथॉनमध्ये ‘इझॲल्फा’ सांगतं. ‘कमल’ला ते होकार देतं, ‘वाशिम’ला नकार, कारण युनिकोडच्या वर्गवारीत काना-वेलांटी अक्षरांत बसत नाहीत. नाव तपासायला एवढी एकच ओळ लिहिली, तर वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा हे जिल्ह्यातले सहाही तालुके नापास! नाव उलटं करण्याची सुटसुटीत युक्तीही तशीच फसते. ‘मशिवा’ यायला हवं तिथे ‘मिशाव’ येतं, कारण श ची वेलांटी म ला जाऊन चिकटते.

मग सर्व लिपींना पुरेल असा नियम करावा, तर तोही एका दमात होत नाही. वाशिमचं वाकाटककालीन नाव वत्सगुल्म. मराठी वाचकासाठी त्यात चार अक्षरं: व, त्स, गु, ल्म. युनिकोडचा अक्षरं सुटी करण्याचा सर्वसाधारण नियम मात्र जोडाक्षरं फोडून सहा मोजायचा. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या १५.१ या आवृत्तीने तो सुधारला, तेव्हा कुठे उत्तर चारवर आलं.

या नेमकेपणाला वेळेची किंमत आहे. अक्षरं मोजायला स्विफ्टला मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत चालून जावा लागतो. पाचशेव्या अक्षरावर थेट उडी मारता येत नाही. जावास्क्रिप्टने मधली वाट काढली: ‘लेंथ’ जुन्याच पद्धतीने मोजतं आणि खरी अक्षरं हवी असतील तर ‘इंटल.सेगमेंटर’ वेगळं. वाट बरी, पण ‘लेंथ’ एका शब्दात मिळतं आणि सेगमेंटर आधी तयार करून घ्यावा लागतो. नवशिका हात सोप्याकडेच वळणार. तेव्हा सोपं नाव दिसणाऱ्या अक्षरांच्या मोजणीला द्यावं आणि बाइट किंवा चिन्हं मोजणाऱ्याने तसं स्पष्ट लिहावं, हीच वाटणी मराठी लिहिणाऱ्यांच्या हिताची आहे.