पन्हाळ्याच्या वेढ्यातले इंग्रजी निशाण

पूर्वेस पन्हाळा आणि पश्चिमेस विशाळगड असलेल्या मलकापूरच्या मुलखात १६६० साली शिवाजी महाराज असलेल्या पन्हाळगडाला विजापूरचा सरदार सिद्दी जौहर याने घातलेल्या वेढ्याला साह्य करण्यासाठी हेन्री रेव्हिंग्टन हा राजापूरच्या वखारीचा, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारी ठाण्याचा, प्रमुख दाखल झाला, आणि त्याने उखळी तोफेतून, म्हणजे उंच कमानीत गोळे फेकणाऱ्या आखूड तोफेतून, पन्हाळ्यावर मारा केला तो चक्क इंग्रजांचे निशाण फडकावून! व्यापाऱ्याला न शोभणाऱ्या या आगाऊपणाची वसुली शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापूरवर छापा घालून केली. वखार लुटली गेली, रेव्हिंग्टन व त्याचे सहकारी कैदेत पडले, आणि त्यांनी गाऱ्हाणी मांडली तेव्हा सुरतेच्या वरिष्ठांनी, परक्या युद्धात निशाणासह गोळे फेकल्याचेच हे फळ आहे, असे त्यांना सुनावले. उरलेले कैदी १६६३ मध्ये सुटले.